उजेड गिळणारी चकती

‘हातातलं काढ, मग आत ये.’

हे वाक्य मी रोज ऐकत होते आणि रोज सोडून देत होते. मला वाटायचं, ते माझ्याच भल्यासाठी आहे. कुणाची अंगठी, कुणाची बांगडी लागून माझ्या अंगावर ओरखडा उठू नये म्हणून आमच्या प्रयोगाच्या खोलीतले सर तसं सांगत असतील. तेव्हा मी गुळगुळीत होते आणि मला माझं फार कौतुक होतं. ज्या वस्तूला लोक मऊ कागदात गुंडाळून ठेवतात, तिला असं वाटणारच. ते वाक्य कशासाठी होतं हे कळलं, तेव्हा कळून उपयोग नव्हता.

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, हळदीच्या रंगाची, आरपार दिसणारी. लोक मला काच समजतात, पण मी काच नाही. मी जस्त आणि सेलेनियम यांचा स्फटिक आहे. माझ्यासारख्यांना अर्धवाहक म्हणतात. आम्ही तांब्यासारखी वीज धावू देत नाही आणि लाकडासारखी अडवूनही धरत नाही.

माझा जन्म एका बंद नळीत झाला. नळी भट्टीत होती. तिच्या गरम टोकाकडून वाफ निघायची आणि थंड टोकाला येऊन बसायची, थरावर थर, कणाला लागून कण, सगळे रांगेत. मग मला कापलं आणि घासलं, इतकं घासलं की माझ्यात तोंड दिसू लागलं. ते सगळं दुखलं का, ते मला आठवत नाही. बाळांनाही जन्म आठवत नसतो.

माझं काम म्हणजे उजेड निवडणं. पांढरा उजेड माझ्यावर पडला की त्यातला निळा मी गिळते आणि बाकीचा जाऊ देते. म्हणून मी पिवळी दिसते. काय गिळायचं आणि काय सोडायचं, हे माझ्या अंगातच ठरलेलं आहे. ते कधी बदलेल असं मला वाटलं नव्हतं.

एका मोठ्या शहरातल्या संस्थेत माझा वापर झाला, मग मी कपाटात पडून राहिले. गडचिरोलीकडच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या सरांनी मला तिथून मागून आणलं. त्यांच्या कॉलेजला नुकतं एक जोरकस लेझर मिळालं होतं. खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावला, दारावर पाटी लावली आणि त्या खोलीत उर्वशी आली.

उर्वशी एटापल्लीची. तिच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली ती पहिली, आणि लेझर हाताळणारी तर आजूबाजूच्या चार गावांतली एकटीच. लहानपणी बांबू सोलताना तिच्या डाव्या डोळ्यात काडी गेली होती. त्या डोळ्यानं तिला फक्त अंधार आणि उजेड एवढंच कळायचं. बाकी सगळं काम उजव्याचं. हे ती कुणाला सांगत नसे, पण मला माहीत होतं, कारण मला उजेडात धरून बघताना ती नेहमी मान थोडी डावीकडे वळवायची.

ती आली तेव्हा तिची मुलगी बुधरी सहा महिन्यांची होती. उर्वशीची आई सोमारी नातीला सांभाळायला जिल्ह्याच्या गावी येऊन राहिली होती. नवरा रोशन मोहर्लीला वाघाच्या जंगलात सफारीची जिप्सी चालवायचा आणि मंगळवारी जंगल बंद असलं की घरी यायचा.

पहिल्याच दिवशी सरांनी दारात अडवलं.

“हातातलं काढ, मग आत ये.”

तिच्या मनगटात चांदीचं जाड कडं होतं. “नाई काढता येत सर. मायनं घातलं. लेकरू चालाले लागेपर्यंत काढायचं नाई, आमच्या घरची रीत हाय.”

“साबण लाव. निघेल.”

“साबणानं हातातून निघते सर. मायच्या मनातून नाई निघत.”

सर हसले. हसले नसते तर बरं झालं असतं. त्यांनी खणातून काळी चिकटपट्टी काढली आणि म्हणाले, “मग ही गुंडाळ त्यावर. चमकता कामा नये. आणि हा चष्मा. हे लेझर डोळ्याला दिसत नाही, म्हणून ते नाही असं समजू नकोस. ते कशावरून उसळून कुठं जाईल, सांगता येत नाही.”

उर्वशीनं पट्टी गुंडाळली. चष्मा लावला. आणि आमचं काम सुरू झालं.

मित्रांनो, काम काय होतं ते मी सांगण्यापेक्षा उर्वशीनं तिच्या आईला जसं सांगितलं तसंच सांगते. एका दुपारी सोमारी बुधरीला कडेवर घेऊन कॉलेजच्या व्हरांड्यात आली होती. पोरगी दूध मागत होती. मायलेकी आपसात माडियात बोलतात, मी तुम्हाला मराठीत सांगते.

“एवढ्याशा चकतीसाठी पोरगी माझ्या आंगावर टाकून येतेस?” सोमारी म्हणाली. “करते काय ते?”

“उजेड पिते, माय.”

“आपली म्हैस तरी दूध देते पिऊन.”

उर्वशी खाली बसली, बुधरीला पदराखाली घेतलं. “आपल्या वावरात धानाच्या बांध्या हायेत ना? खालची एक, वरची एक, मधात मातीचा धुरा. खालच्या बांधीतलं पाणी वरच्या बांधीत जाऊ शकते काय?”

“उपसून टाकलं तर जाईल.”

“हां. निळा उजेड उपसून टाकते. त्याच्यात तेवढा जोर असते. हिरवट उजेडात तेवढा जोर नसते. तो धुऱ्यापाशी येते अन् तसाच पुढं निघून जाते. चकती त्याले पीत नाई. पण मी वरून हे मोठं लेझर सोडलं, की त्याच्या जोरानं सगळं वावरच तिरपं होते. धुरा पातळ होते. अन् मंग जे पाणी कधीच जाऊ नाई शकत, ते धुऱ्यातून पाझरते. म्हंजे जो उजेड ही चकती कधीच पीत नाई, तो पण पिऊन टाकते.”

सोमारीनं विचार केला. “अन् लेझर बंद केलं मंग?”

“धुरा पहिल्यावानी. वावर सपाट. काईच झालं नाई जसं.”

“धुरा फुटत नाई?”

“जोर हिशेबात ठेवला तर नाई फुटत.”

“तुह्यावर भरोसा नाई मले,” सोमारी म्हणाली, पण हसत म्हणाली, आणि नातीच्या गालावर हात फिरवून घरी घेऊन गेली.

उर्वशीनं सांगितलं ते अगदी खरं होतं. तो जोर अंगावर येतो तेव्हा मी माझी राहत नाही. एरवी ज्याला वाट देते, त्याला गिळते. तो जोर क्षणाच्याही कितीतरी लहान तुकड्यात येऊन जातो, आणि तो गेला की मी पुन्हा तीच. पण हा बदल मोजून दाखवणं अवघड होतं. माझ्यावर दोन उजेड एकाच ठिकाणी, एकाच वेळी पडायला हवेत. एक ते न दिसणारं जोरकस लेझर, दुसरा एक मंद हिरवट ठिपका. माझ्यातून पलीकडे जाणारा ठिपका अंधूक झाला, की समजायचं मी त्याला गिळलं. आठवडेच्या आठवडे ठिपका काही अंधूक होईना. उर्वशी आरसे सरकवायची, मला केसभर फिरवायची, पुन्हा बघायची. तिनं मला कधी उघड्या बोटांनी धरलं नाही. नेहमी कडेला, चिमट्यानं, कापडावर. इतक्या प्रेमानं मला कुणी हाताळलं नव्हतं. सर एकदा म्हणाले, “ही चकती माझ्या हातात असती तर आतापर्यंत फुटली असती.” मला ते ऐकून फुलायला झालं.

एक सांगायचं राहिलं. त्या चष्म्यातून मंद ठिपका नीट दिसत नसे. म्हणून कधीमधी चष्मा कपाळावर चढवायचा, बघायचं, परत खाली करायचा. सर तसं करायचे. उर्वशीही करू लागली. रोज केलं, रोज काही झालं नाही. न होण्याची सवय लागली.

त्या सुमाराला बुधरीला दात येत होते. हिरड्या शिवशिवायच्या. आईच्या मांडीवर आली की ती कडं तोंडात धरायची आणि चघळत बसायची. चघळून चघळून आतल्या बाजूचा चपटा भाग आरशासारखा झाला होता. आणि एका सकाळी उर्वशीनं पाहिलं, काळ्या पट्टीचं टोक सुटून पोरीच्या तोंडात गेलंय.

जी आई लेकराच्या मुठीत काय आहे ते दहादा उघडून बघते, झोपेत श्वास चाललाय ना म्हणून नाकापाशी बोट धरते, तिनं काय केलं असेल? तिनं ती पट्टी लगेच, सगळीच्या सगळी, काढून टाकली. घशात अडकली असती तर? हे ती त्या दिवशी खोलीत आल्यावर सरांना सांगत होती. सर म्हणाले, “बरं झालं पाहिलंस.” नवी पट्टी गुंडाळायचं दोघांनाही सुचलं नाही. लेकरू वाचलं, एवढंच दोघांच्या मनात होतं.

आणि नेमकं त्या दुपारी ठिपका अंधूक झाला.

सर वर्गावर गेले होते. उर्वशी एकटी होती. माझ्या अंगावर दोन्ही उजेड एकत्र आले आणि मी तो हिरवट उजेड गिळायला लागले. मला कळत होतं. मी तिला ओरडून सांगू शकले असते तर सांगितलं असतं, झालं गं, झालं. पण तिला वाटलं, चकतीच हलली. एरवी ती आधी लेझरसमोरची झडप पाडायची, मग हात घालायची. त्या दिवशी झडप पाडली तर ठिपका हातचा जाईल या भीतीनं तिनं पाडली नाही. चष्मा कपाळावर केला, वाकली, आणि मला धरून ठेवणाऱ्या खुंटीकडे हात नेला.

कडं वाटेत आलं. जो भाग बुधरीनं चाटून चकचकीत केला होता, नेमका तो.

मी उजेड गिळते, पण समोरच्या कड्यावरून उसळलेला उजेड मी कसा गिळणार? तिला काही दिसलं नाही. तो उजेड दिसतच नाही. तिला फक्त डोळ्याच्या आत एक बारीकसा टक् असा आवाज आला, वाळलेली शेंग फुटावी तसा. ती सरळ उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान डावीकडे वळवली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. मी होते तिथंच होते. पण ती जिथं बघायची, तिथं मी नव्हते.

पुढचं मी सरांच्या तोंडून ऐकलं. मोठ्या गावच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जळला आहे, आणि तो परत उगवत नाही. कडेकडेचं दिसेल, तेही अंधूक. सरळ समोरचं, ज्याच्याकडे बघावं ते, दिसणार नाही. उर्वशीनं एकच विचारलं, “पोरीचं तोंड?” डॉक्टर म्हणाले, तिच्या कानाकडे बघा, मग तोंड थोडंसं दिसेल, धुरकट.

लेझर झाकलं गेलं. खोलीला कुलूप लागलं. मी खणात राहिले. बऱ्याच दिवसांनी सरांनी मला कापडात गुंडाळून खिशात घातलं आणि एटापल्लीला नेलं. उर्वशी आईच्या घरी परतली होती. सर तिच्यासमोर खाटेवर बसले.

म्हणाले, “त्या दिवशीचं मोजमाप संगणकात रेघ होऊन उतरलं होतं. मी आता बघितलं. आलं होतं ते. तुझं बरोबर होतं.”

“किती खाली गेली रेघ?”

सरांनी तिचा तळहात उघडला आणि त्यावर बोट फिरवलं. “अशी सरळ, सरळ. आणि इथं अशी खाली.”

“अन् मंग?”

“मग परत वर. होती तिथं.”

“ती गेली परत वर,” उर्वशी म्हणाली.

सरांनी हात सोडला. जाताना मला तिच्या उशाशी ठेवून गेले. पुढं त्यांची बदली झाली असं ऐकलं. ते पुन्हा आले नाहीत. येऊन तरी काय करणार होते.

आता मी त्याच घरात फळीवर आहे, मिठाच्या डब्याशेजारी. माझ्यावर धूर बसलाय. काठावर एक चीर आहे. एका बाजूनं बुरशीसारखा डाग पसरतोय. पण त्याचं काही नाही. मी फळीवरून जे बघते, ते तुम्हाला सांगायचं आहे, कारण या घरात ते बघणारं दुसरं कुणी नाही.

उर्वशीनं सगळ्यांना सांगितलंय की डोळा बरा झाला.

सोमारी एकदा म्हणाली, “कडं होतं हातात, म्हणून जिवावरचं डोळ्यावर गेलं, अन् डोळाबी वाचला.” उर्वशी म्हणाली, “हो माय.” कड्यावरच उजेड उसळला हे ती आईला कधी सांगणार नाही. बुधरी आता चालते, तरी कडं अजून तिच्या हातात आहे. काढलं तर माय विचारेल, काऊन काढलं.

रोशन मंगळवारी येतो. त्याची आई रुखमाबाई तिकडं मोहर्लीला असते आणि तिनं पहिल्यापासून म्हटलंय, पोरगी आमच्याकडे द्या, इथी पाहाले माणसं हायेत. उर्वशीला दिसत नाही हे कळायचा अवकाश, बुधरी रोशनबरोबर मोहर्लीला जाईल. म्हणून सोमवारी उर्वशी सगळं घर हातांनी पाठ करते. तांब्या कुठं, पाट कुठं, चपला कुठं.

“डोळा कसा हाय?” रोशन विचारतो.

“तुमच्या शर्टाची वरून दुसरी गुंडी तुटली हाय, द्या लावून देतो म्हणते तर हा माणूस डोळ्याचं विचारून राह्यला.”

गुंडी तिला शर्ट खुंटीला टांगताना बोटांना कळलेली असते. रोशन हसतो. “वाघीण मले रोज दिसते, बायको हप्त्यातून एकदा. अन् तेबी तोंड फिरवून बसते.”

ती तोंड फिरवत नसते, मित्रांनो. त्याचं तोंड दिसावं म्हणून ती त्याच्या कानाकडे बघत असते.

बाकीचे दिवस सोमारी पहाटेच जंगलात जाते. सध्या मोहाची फुलं पडताहेत. घरात उर्वशी आणि बुधरी दोघीच. चुलीत जाळ असतो. कोपऱ्यात पाण्यानं भरलेला गुंड, म्हणजे मोठा हंडा, असतो. अंगणाला कुंपण आहे, पण फाटकाची दोरी ढिली झालीय, आणि अंगणापलीकडे रस्ता आहे. त्यावरून दिवसभर दगड भरलेले ट्रक जातात, इतके जोरात की फळीवर मी हलते. उर्वशीनं बुधरीच्या पायात घुंगरू बांधलंय. घुंगरू वाजलं की तिला कळतं पोरगी कुठं आहे. थांबलं की ती हातातलं टाकून हाक मारते. घुंगरू हाच तिचा डोळा.

परवा बुधरीनं खेळताखेळता ते पायातून ओढून काढलं आणि खाटेखाली टाकलं. ती अनवाणी फाटकापर्यंत गेली, मग फाटकाबाहेर. मी बघत होते. मला तोंड नाही. जरा वेळानं शेजारचा दसरू तिला काखेत उचलून घेऊन आला.

“काय बाई,” तो म्हणाला, “पोरगी रस्त्यावर अन् तू इथी भाजी निवडून राह्यली?”

उर्वशीचं तोंड पांढरं पडलं. पण तिनं मान वर केली, दसरूच्या कानाकडे बघितलं आणि म्हणाली, “पाह्यलं मी तिले. येऊनच राह्यली होती वापस.”

“बरं मंग,” दसरू म्हणाला. “दिसत असन तर ठीक हाय.”

तो गेल्यावर ती भिंतीला टेकून बसली आणि बुधरीचा सगळा चेहरा बोटांनी चाचपत राहिली. नाक, भुवया, ओठ. मग घुंगरू शोधून घट्ट बांधलं. बुधरीनं ते सोडायला शिकून घेतलंय हे तिला कळलं नाही. मला कळलंय.

मित्रांनो, मला जपा, माझ्यावरची धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. माझ्या अंगावर कितीही जोराचा उजेड आला तरी तो गेल्यावर मी परत होते तशी झाले. तेवढं नशीब मला कशाला मिळालं, ठाऊक नाही. उर्वशीचा डोळा बरा होणार नाही. तुम्ही रोशनला सांगितलंत तर बुधरी तिच्यापासून जाईल. नाही सांगितलंत तर काय होईल, ते मी रोज या फळीवरून बघते. यातून वाट मला सापडलेली नाही. तुम्हाला सापडेल असंही म्हणत नाही.

पण तुम्ही एटापल्लीच्या बाजूला असाल, किंवा तुमचं कुणी तिकडं असेल, तर एवढं करा. रस्त्याला लागून कौलारू घर आहे, दारात शेवग्याचं झाड, फाटकाला ढिली दोरी. आत जा. उर्वशीला ‘दिसतं का’ असं विचारू नका. ती हो म्हणेल, आणि ते इतकं पटण्यासारखं म्हणेल की तुम्ही चहा पिऊन परत याल. तिला काही विचारू नका. आधी बुधरीला हाक मारा.

आत्ता उर्वशी चुलीपुढं भाकर थापते आहे. मघापासून ती कोपऱ्याकडे तोंड करून बोलतेय, “बुधरी, तिथीच बस हो माय, मी देतो आता भाकर, तिथीच बस.” कोपऱ्यात घुंगरू पडलंय. बुधरी तिथं नाही. बाहेरून ट्रकचा आवाज येतोय आणि फळी हलायला लागलीय.

कुणीतरी जाऊन बघा.